वर्षा हिचा मंगळ

मी ‘ळ’. शिशाचा, बोटाच्या पेराएवढा, छापखान्यातला एक खिळा. माझ्या तोंडावर अक्षर उलटं कोरलेलं आहे; कागदावर मात्र मी सुलटा उमटतो. एके दिवशी मी नको त्या जागी उमटलो. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही, म्हणून आज बोलतोय.

तंजावूरला वेंकटरावांच्या छापखान्यात मी आलो, तेव्हा भिंतीभर तमिळ खिळ्यांचे कप्पेदार खण होते. देवनागरीचा एकच, खिडकीपाशी. इथल्या जुन्या मराठी घरांत मराठी बोलतात, पण लिहिणं-वाचणं सगळं तमिळमध्ये. लग्नपत्रिकेत मात्र चार ओळी आपल्या लिपीत हव्या असतात. त्या चार ओळींपुरते आम्ही.

खिळे जुळवायचे सुब्रमण्यम. त्यांना देवनागरी वाचता येत नव्हती. कागदावर जो आकार दिसेल तसाच खिळा ते उचलायचे, आणि तीस वर्षांत त्यांचा हात चुकला नव्हता. मजकूर लिहायची आणि मुद्रितं तपासायची वेंकटरावांची धाकटी बहीण, कमलाक्षी. लहानपणी वडिलांनी तिच्याकडून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली होती. गावात कुणाला देवनागरी कागद वाचून हवा असला की लोक तिच्याकडे येत. तिला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

शहाण्णव साल होतं. रस्त्यात दोन दुकानांत कॉम्प्युटर आले होते. वेंकटरावांनाही तो हवा होता. सुब्रमण्यम चष्मा पुसू लागले की ते त्यांच्याकडे बघत राहायचे.

मार्गळी महिन्यात, डिसेंबरच्या अखेरीस, तिरुवैयारुच्या वैद्यनाथरावांच्या मुलीची पत्रिका छापली. नवरा मुलगा पुण्याचा. पत्रिका गेल्या, आणि आठव्या दिवशी सकाळच्या बसने वैद्यनाथराव आले, हातात एक पत्रिका घेऊन.

“पुण्याहून फोन होता. मुलाची आत्या विचारते, मुलीला मंगळ आहे, तर आधी का नाही सांगितलंत?”

पत्रिकेत छापलं होतं, ‘चि. सौ. कां. वर्षा हिचा मंगळ’. पुढचा ‘परिणय’ खालच्या ओळीत गेलेला. हवा होता ‘मंगल’. तिथे ‘ल’ बसायला हवा होता, बसलो होतो मी.

वेंकटरावांनी पत्रिका हातातही घेतली नाही. “सुब्रमण्यमना आता दिसत नाही हो. पोंगल झाला की घरीच बसवतो त्यांना.”

“त्यांना घरी बसवून माझी मुलगी मांडवात बसेल का?”

सुब्रमण्यम उठून यंत्रापाशी गेले. त्या पत्रिकेचे खिळे जुळवलेला साचा अजून सोडलेला नव्हता. त्यांनी चिमट्याने मला उपसून काढलं आणि कमलाक्षीच्या टेबलावर ठेवलं. तिने मला मुठीत धरलं. दुसऱ्या हाताने तारेला टोचलेला मूळ कागद ओढला.

निळ्या शाईत, तिच्याच वळणदार अक्षरात, मी तिथे होतो. ‘मंगळ’.

“मंगळसूत्रात ळ,” ती स्वतःशीच पुटपुटली. “मंगळागौरीत ळ. घरात सगळे असंच म्हणतो.” खोटं काहीच नव्हतं त्यात. तरी तिने कागदाची घडी केली, आणखी लहान घडी केली. ती तो फाडते की काय, असं मला वाटलं. मूठ इतकी आवळली होती की मला तिची नाडी लागत होती. आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं.

मग तिने मूठ उघडली. तळहातावर मी उमटलो होतो, लालसर, सुलटा, कुणालाही वाचता येईल असा.

“अण्णा, तो ळ माझा आहे.”

“तू बस गं.”

“उभीच बरी.” तिने घडी उलगडून पुढे ठेवली. “मी लिहिला. मुद्रितात मीच वाचला, आणि वाचून सही केली. यांनी लिहिलंय तसंच लावलं. वैद्यनाथराव, पुण्याचा नंबर द्या. मी बोलते. उद्यापासून कुणी माझ्याकडे कागद वाचायला आणले नाहीत तरी चालेल.”

सुब्रमण्यम खाकरले. “ओळ मी तोडली, अक्का. जागा पुरेना, म्हणून ‘परिणय’ खाली घेतला. ते माझं.”

“म्हणजे निर्दोष मी एकटाच,” वेंकटराव म्हणाले.

“तुम्ही तर पत्रिका अजून वाचलीसुद्धा नाही,” वैद्यनाथराव म्हणाले.

वेंकटरावांनी चष्मा लावला आणि पत्रिका हातात घेतली. बराच वेळ वाचत राहिले. सुब्रमण्यमना घरी बसवायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये मी तिच्या मुठीतच होतो. “चूक माझी आहे, मुलीची पत्रिका स्वच्छ आहे,” एवढं तिने तीनदा सांगितलं. पलीकडे आत्याने तिन्ही वेळा ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तुमच्याकडे मंगळ आकाशात राहत नाही वाटतं, थेट पत्रिकेत उतरतो.” वर्षाचं लग्न पोंगलनंतरच्या तई महिन्यात ठरल्या दिवशी लागलं.

दोन वर्षांनी कॉम्प्युटर आलाच. माझे भाऊबंद वितळायला गेले. सुब्रमण्यम बांधणीच्या टेबलावर बसू लागले. मी कमलाक्षीच्या चष्म्याच्या डबीत राहतो. मुद्रित तपासायला ती डबी उघडते, तेव्हा मी आधी खडखडतो. हल्ली काही चुकलं की नवी मंडळी म्हणतात, “कॉम्प्युटरने केलं.” तेव्हा ती मला काढून त्यांच्यापुढे ठेवते आणि त्यांचा मूळ कागद मागते.

तुमच्याही हातून एखादं अक्षर कधीतरी चुकेल. तेव्हा दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी, एकदा आपली मूठ उघडून बघा.