उत्तरेची भिंत

मित्रांनो, मी स्पेनच्या पठारावरच्या फुएन्तेल्मोरा या खेड्यातले जुने चर्च आहे. आठशे वर्षांपूर्वी इथल्या मेंढपाळांनी बैलगाड्यांतून पिवळसर दगड आणून मला उभे केले. माझे अर्धगोल गर्भगृह त्या काळचे, टोकदार कमानींचे छत नंतरचे. पुढे एका हौशी पाद्र्याने उत्तरेच्या साध्या भिंतीवर उंच मनोरा चढवला. लोकांनी आनंदाने टोप्या उडवल्या. माझी ती भिंत मात्र त्या भाराने तेव्हापासून कण्हत होती.

हळूहळू माणसे कामासाठी शहरात गेली. उरली अकरा. किल्ली लेओकादिया या म्हातारीकडे आणि डागडुजी थकलेल्या गवंडी सातुरिओकडे राहिली. भिंतीला बोटभर फट पडली, तेव्हा दोघांनी जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या सरकारी कचेरीला सात पत्रे धाडली.

"एकाचंही उत्तर नाही," लेओकादिया म्हणाली.

"देवाला धाडली असती, तर एव्हाना आलं असतं!" सातुरिओ म्हणाला.

मागच्या नोव्हेंबरात नऊ दिवस पाऊस कोसळला. चुना विरघळला. फटीत आता अख्खा हात जाई. सातुरिओ कमानीला टेकू द्यायला तुळई ओढत आत आला.

"वेड लागलंय का तुला? बाहेर हो!" लेओकादिया त्याच्यामागे धावत आली.

"माझं लग्न इथं लागलंय, लेओ. या चर्चला असं सोडू? बडबड नको, पाचर ठोक."

मी सारे बळ एकवटले. पण दगडांचे बळ एकमेकांना धरून राहण्यात असते, आणि माझे दगड एकमेकांना सोडत होते. मला ओरडता येईना. वरून नुसती धूळ झरली, सातुरिओच्या टोपीवर. लेओकादियाला ती दिसली. तिने त्याची कॉलर धरून त्याला फरफटत दाराबाहेर काढले. पाठोपाठ छत कोसळले. जिथे तिच्या तिन्ही मुलांचा बाप्तिस्मा झाला, त्या दगडी कुंडाचा चुरा झाला.

तिसऱ्या दिवशी कचेरीतले साहेब मोजमापाची टेप घेऊन आले.

"आता सवड झाली होय तुम्हाला?" लेओकादियाने विचारले. साहेबांनी दाराला कुलूप ठोकले. पाडायचे की सावरायचे, ते नंतर ठरणार आहे.

मित्रांनो, मी अजून अर्धे उभे आहे आणि आभाळ पुन्हा भरून आले आहे. तुमच्या गावातल्या जुन्या भिंतीवरून आजच हात फिरवा. फट बोटभर असते, तोवर दोन घमेली चुना पुरतो. मला तेवढाच हवा होता.