उलटी बटणपट्टी

भिंगरावांच्या घरात माणसं दोन आणि कपाटं सात. सातवं कपाट आलं ते थेट खिडकीपुढे उभं राहिलं, आणि तेव्हापासून आतल्या खोलीत भर दुपारीही दिवा लावावा लागे. बायकोचं शिलाई मशीन तर केव्हाच बोळात गेलं होतं. ती म्हणायची, "बरं झालं, प्रूफांना ऊन लागत नाही. मला नाही मिळालं तरी चालतं, मी कुठे दुर्मीळ आहे!"

त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. छापखान्यात प्रूफं तपासायची नोकरी, डोळ्याला सदा भिंग, म्हणून भिंगराव. त्या छापखान्यात एके काळी खेळाडूंची कार्डं छापत, लिमलेटच्या गोळ्यांच्या पाकिटातून निघायची ती. कार्डं हजारो घरांत सापडतील. पण कार्डाच्या आधीचं प्रूफ, न कापलेल्या कडांचं, काठाला रंगांच्या चौकटी असलेलं, मागे कोरं, ते एखादंच. भिंगराव ती प्रूफं जमवत. छापखाना बंद पडला तेव्हा तिथली रद्दी जिथे जिथे गेली तिथे तिथे हेही गेले. लांबून शौकीन यायचे, "काय ध्यास हो तुमचा!" म्हणायचे. बायको चहाचे कप ठेवता ठेवता म्हणे, "ध्यास कसला, सवत आहे माझी."

सवत नव्हती हो, बेडी होती. पण ते एका देवाला ठाऊक आणि एका भिंगरावांना.

एकतीस वर्षांपूर्वी एका वेगवान गोलंदाजाचं कार्ड उलटं छापलं गेलं. अंगात पांढरा शर्ट, त्यावर ना आकडा ना अक्षर. फोटोची निगेटिव्ह कॅमेरा खात्यातच पालथी पडली आणि उजव्या हाताचा माणूस डावखुरा झाला. प्रूफही तसंच आलं. भिंगरावांनी नाव वाचलं, जन्मतारीख वाचली, काना-मात्रा तपासल्या आणि हिरव्या शाईनं 'ठीक'ची खूण केली. खूण त्यांची खास: तिरकी रेघ, रेघेला शेपटी, शेपटीखाली टिंब. सगळा माल बाजारात गेला, आणि एक दिवस तो गोलंदाज स्वतःच कार्ड हातात घेऊन छापखान्याच्या दारात उभा! चौकशी झाली. फायलीत प्रूफ सापडेना. साहेबांनी विचारलं, तेव्हा भिंगरावांच्या तोंडून निघून गेलं, "माझ्याकडे आलं तेव्हा सरळ होतं, साहेब."

प्रूफ सरळ, म्हणजे चूक त्यानंतर छपाईची प्लेट करणाऱ्याची. प्लेट केली होती त्यांच्या मेहुण्यानं, बायकोच्या धाकट्या भावानं. तिच्याच शब्दाखातर भिंगरावांनी त्याला तिथे चिकटवलं होतं. त्याची नोकरी गेली, पुढे कुठल्याच छापखान्यानं त्याला दारात उभं केलं नाही. घरात त्याचं नाव पडलं 'डावखुऱ्या'. तो आला की बहीणच म्हणे, "ये रे डावखुऱ्या, चपला तरी सरळ काढ." तोही हसायचा. भिंगराव नेमके तेव्हाच कपाटात डोकं घालून काहीतरी शोधू लागायचे.

आणि खरंच शोधायचे. ते एकच प्रूफ. सापडलं की जाळायचं आणि मोकळं व्हायचं. तोवर मिळेल तो गठ्ठा घरी आणायचा. न जाणो कशात ते असेल, न जाणो दुसऱ्या कुणाच्या हाती लागेल! देवानं माणसाला तोंड दिलंय, ते एकदा उघडलं असतं तर सातही कपाटं वाचली असती.

मंगळवारी सकाळी भिंगराव दाढीला बसले होते. रद्दीवाला एक गठ्ठा टाकून गेला आणि बायकोनं त्याची सुतळी सोडली.

"अहो, हा बघा तुमचा खेळाडू! बाईचा शर्ट घालून आलाय."

वस्तरा गालावरच थांबला. "काय?"

"बटणं बघा ना. पुरुषाची बटणं उजव्या पट्टीवर, याची डाव्या. एवढी वर्षं शर्ट शिवतेय, मला कळणार नाही? आणि चेंडूसुद्धा डाव्या..." ती थांबली. "हे तेच कार्ड की हो."

"आण इकडे."

"पण हे कार्ड नाही, प्रूफ आहे. मागे कोरं, कडा तशाच." हे तिला त्यांनीच तर शिकवलं होतं. "म्हणजे प्रूफच उलटं होतं?"

"आण म्हणतो ना!"

ती स्वयंपाकघरात गेली. भिंतीवर खिळ्याला वाणसामानाची यादी अडकवलेली होती. तांदूळ, गूळ, साबण; आणलेल्या प्रत्येक जिनसापुढे हिरवी तिरकी रेघ, शेपटी, टिंब. दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून ती बाहेर आली. भिंगाची गरज नव्हती.

"ही खूण कुणाची हो?"

या प्रश्नाची उत्तरं भिंगरावांनी एकतीस वर्षं घोकून ठेवली होती. कुणीतरी नक्कल केली असेल. वेगळ्या कामाचं प्रूफ असेल. गालावरचा साबण सुकून कातडी ताणू लागली.

"माझी," ते म्हणाले.

ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, "त्याला डावखुऱ्या म्हणायचे हो मी. तुमच्यासमोर. आणि तुम्ही म्हणू दिलंत."

मग तिनं फोन लावला आणि त्यांच्या कानाशी धरला.

"बोला भाऊजी!" मेहुण्याचा आवाज आला. "आज कसली आठवण झाली गरिबाची?"

"ते प्रूफ सरळ नव्हतं," भिंगराव म्हणाले. "उलटंच आलं होतं. मीच त्यावर 'ठीक'ची खूण केली होती."



"ताईला द्या," मेहुणा म्हणाला.

तिनं फोन घेतला. "हो... हो, बघितलं मी... नाही रे, त्यांनी नाही दाखवलं, मलाच सापडलं." भिंगरावांनी मान खाली घातली. "ये ना. कधीही ये. नाही, आता तसं नाही म्हणणार."

फोन ठेवून ती सातव्या कपाटाशी गेली आणि पदर खोचून त्याला खांदा लावला. "धरा त्या बाजूनं."

दोघांनी जोर लावला. कपाट सूतभर हललं नाही.

"आधी रिकामं करावं लागेल," भिंगराव म्हणाले.

"मग करा की." आणि ती बोळात जाऊन मशीनवर बसली.

त्यांनी दार उघडून वरच्या खणातला पहिला गठ्ठा काढला. खाली ठेवायला जागा पाहिली. जमिनीवर गठ्ठे, पलंगावर गठ्ठे, खुर्चीवर सकाळी आलेली रद्दी. बोळातून मशीनची खडखड येत होती. अर्ध्या गालाला वाळलेला साबण तसाच, आणि तो गठ्ठा छातीशी धरून भिंगराव दिव्याखाली उभेच राहिले.