गोल चौकात आधी कोण

आमचा धाकटा भाऊ परदेशातून सुट्टीवर आला, की पहिले काही दिवस घरातल्या कशालाच चव नसते आणि सगळ्यालाच धूळ असते. या खेपेला त्याची नजर वहिनीच्या ड्रायव्हिंगवर पडली.

वहिनी नर्स. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात तिला वॉर्डाची प्रमुख म्हणून घेतलं होतं. अट एकच, पहाटेच्या पाळीला स्वतःच्या गाडीनं यायचं. सोमवारपर्यंत लायसन्स नसेल तर ती खुर्ची दुसरीला. आणि वहिनी आधी दोनदा नापास झालेली, दोन्ही वेळा त्याच गोल चौकात.

"भीती नाही वहिनी, तुम्हाला नियम कुणी सांगितलाच नाही," धाकटा म्हणाला. त्यानं टेबलावर ताट उपडं घातलं, तो चौक. भोवती चहाचे कप, त्या गाड्या. "चौकात आधीपासून फिरतोय, त्याला जाऊ द्यायचं. आपण रेषेवर थांबायचं. तिकडे लहान पोरालाही कळतं."

"इकडे ज्याचं बंपर पुढे, त्याचा चौक," दादा पेपरामागून म्हणाला.

"दादा, आपल्याही नियमाच्या पुस्तकात हेच लिहिलंय!"

"लिहायला काय, तुझ्या शाळेच्या दाखल्यावर 'वर्तणूक उत्तम' लिहिलंय." आणि दादानं चौकाच्या तोंडाशी थांबलेली गाडी उचलून पिऊन टाकली. "गार झाला. इतका वेळ थांबतात का?"

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांचं शास्त्र तिसरंच. "घुसायचं. समोरच्याच्या डोळ्यात बघायचं नाही. बघितलं, की ओळख झाली. ओळख झाली, की थांबावं लागतं."

स्वतः धाकट्याची गत काय सांगावी! तिकडे गाड्या रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं चालतात, त्यामुळे सिग्नलचा दांडाही दुसऱ्या हाताला. इथे दर वळणावर तो भर उन्हात वायपर सुरू करायचा आणि कोरडी काच पुसत, नियम सांगत वळायचा.

परीक्षेला वहिनीनं मला धीर द्यायला मागे बसवलं. धाकटा न बोलावता बसला. पुढे परीक्षक, टेकून बसलेला, चेहऱ्यावर असा भाव की कुणीही पास झालं तरी जगात एक गाडी वाढणार, बस्स.

चौक आला. वहिनीनं रेषेवर गाडी थांबवली.

"शाब्बास," मागून धाकटा कुजबुजला.

आता आमच्या गावात मोकळा रस्ता दिसत असताना गाडी थांबते ती दोनच कारणांनी. एकतर ती बंद पडते, नाहीतर कुणीतरी मोठा माणूस येत असतो. आमच्या गाडीचं इंजिन तर चालू होतं. चौकातून फिरणाऱ्या टेम्पोवाल्यानं आमच्याकडे बघितलं, मागे बघितलं आणि ब्रेक मारला. वहिनीनं हातानं खूण केली, आधी तुम्ही. तो आणखीच घाबरला. इतक्या अदबीनं त्याला आजवर कुणी जा म्हटलं नव्हतं.

"कोण येतंय हो?" त्यानं खिडकीतून विचारलं.

"कुणी नाही. तुमचा हक्क आहे," वहिनी म्हणाली.

हक्क म्हटल्यावर त्याची खात्रीच पटली. त्यानं टेम्पो कडेला घेतला. मागचा स्कूटरवाला हँडलला लटकलेलं हेल्मेट डोक्यावर चढवू लागला. एका गृहस्थानं मोबाइल खाली टाकून बेल्ट लावला. "मंत्री येतायत, मंत्री," असं गाडीगाडीतून पसरत ते कोपऱ्यावरच्या सावलीत टेकलेल्या ट्रॅफिक पोलिसापर्यंत पोचलं. तो बिचारा टोपी शोधत धावत आला, त्यानं शिट्टी फुंकून चारी बाजू बंद केल्या आणि आपल्याला काही कळवलंच नव्हतं हे चेहऱ्यावर दिसू न देता, चौकाच्या तोंडाशी उभ्या एकुलत्या एका गाडीला, म्हणजे आम्हाला, कडक सलाम ठोकला.

चौक रिकामा झाला. नियमाप्रमाणे आता कुणाचाच हक्क नव्हता. वहिनीनं सिग्नल दिला, शांतपणे चौकात शिरली, वळसा घातला आणि बाहेर पडली.

परीक्षक एव्हाना ताठ बसला होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणी सलाम केला असावा. त्यानं हात कपाळापर्यंत नेला, सावकाश खाली आणला आणि म्हणाला, "बाई, गाडी छान चालवता."

पास!

घरी धाकट्याचे पाय जमिनीवर नव्हते. "पाहिलंत? एकानं नियम पाळला, की सगळे पाळतात!"

"सगळे थांबले ते मंत्र्यासाठी," दादा म्हणाला. "तू आपला नियम घेऊन त्याच्या गाडीमागून पळत होतास."

सोमवारी पहाटे वहिनी निघाली. धाकटाही शेजारी बसला, म्हणे आपल्या शिष्येचा पहिला दिवस. मी मागे, असा तमाशा सोडायचा तर मग सख्खी नणंद कशाला व्हायचं?

चौकात दुधाच्या गाड्या, शाळेच्या बस, सगळी गर्दी फिरत होती. सावलीतला पोलीस नव्हता. वहिनीनं मान सरळ ठेवली, एकाच्याही डोळ्यात बघितलं नाही, हॉर्नवर हात ठेवला आणि घुसली. बस कचकन थांबली. ड्रायव्हर काहीतरी ओरडला, बहुतेक आमच्या घराण्याबद्दल.

धाकट्यानं दोन्ही हातांनी डोळे झाकले. "वहिनी! अहो, नियम!"

"भाऊजी," पुढचा गिअर टाकत वहिनी म्हणाली, "नियम परीक्षेपुरता होता. आज मला कामावर पोचायचंय."