मामाची पूड

मामाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध खुर्चीवर माझी आई बसली होती. ती शिवणकाम करायची. सांधेदुखीनं बोटं इतकी आखडली होती, की कात्री धरवत नव्हती. मामाची पूड घ्यायला लागल्यावर त्याच बोटांनी तिनं सगळ्यांसमोर सुईत दोरा ओवला.

"पाहिलंत?" मामा गरजला. "डॉक्टरांनी हात टेकले होते! मी पुडीवर नुसती फुंकर घालतो, बस्स! आणि ताईच्या चेहऱ्यावरचं तेज बघा. सख्ख्या बहिणीला कोणी खोटं औषध देईल का?"

लोकांनी हात जोडले. मला आईचा चेहरा सुजल्यासारखा वाटत होता. तसं म्हणाले, तर ती माझ्यावरच उखडली. "भाऊ आहे तो माझा. तुझ्या शंका तुझ्यापाशी ठेव."

पुढं मामा शिबिरासाठी परगावी गेला आणि आईची पूड संपली. तिला उलट्या सुरू झाल्या. एका सकाळी ती तिच्या शिवणाच्या दुकानात मशीनवरच कोसळली.

दवाखान्यात रक्तदाब पार खाली गेलेला. डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं आणि मला विचारलं, "कसली पूड-बिड घेत होत्या?" डबीच्या तळाशी उरलेली चिमूट मी आणून दिली. तपासणीत निघालं स्टेरॉइड.

आई सावरल्यावर बाईंनी तिला समजावलं. "गुंडी काजात बसते ना, तसंच शरीरात चालतं. मूत्रपिंडावरची ग्रंथी एक हार्मोन बनवते, ती गुंडी. पेशीतलं काज म्हणजे रिसेप्टर. दोन्ही जुळले की पेशीला हुकूम मिळतो: सूज आवर, रक्तदाब सांभाळ. पुडीतलं स्टेरॉइड त्याच काजात बसलं, म्हणून बोटं मोकळी झाली. पण बाहेरून एवढं येतंय म्हटल्यावर ग्रंथीनं काम सोडलं. पूड संपली आणि काजं रिकामी पडली. चेहरा गोल झाला, तोही त्यानंच."

"म्हणजे हे विषच?" आईनं विचारलं.

"नाही. आत्ता मीही तेच देतेय. पण मोजून, आणि हळूहळू कमी करत नेणार."

मामा धावत आला. "ताई, श्रद्धा कुठंतरी कमी पडली..."

"पुडीत स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घालत होतास?" आईनं विचारलं.

मामानं मान खाली घातली. "तुला आराम तर पडला ना? आणि तू समोर बसली नसतीस, तर माझ्यावर विश्वास कोणी ठेवला असता?"

आई म्हणाली, "म्हणजे मी तुझी बहीण नव्हते. पाटी होते, तुझ्या दुकानाची."

हिंडू-फिरू लागल्यावर ती त्याच खोलीत, त्याच गर्दीसमोर उभी राहिली. मामा पुटपुटला, "ताई, घरातलं घरात ठेव." ती थांबली नाही.

"या पुडीत स्टेरॉइड आहे. भाऊ देतोय म्हणून मी कधी विचारलंच नाही, आणि मरता मरता वाचले. देणारा कितीही जवळचा असो, आत काय आहे ते विचारा. तो सांगत नसेल तर तोंडात घालू नका. आणि ज्यांची पूड चालू आहे, त्यांनी ती एकदम बंद करू नका, माझ्यासारखे कोसळाल. आत्ता माझ्याबरोबर दवाखान्यात चला. कोण येतंय?"