उलटं भरत गेलेलं झाड

मी अवसरी बुद्रुकच्या भागुजींच्या घरात फ्रिजच्या दाराला चिकटलेली लाकडी चकती बोलतेय. पाठीला लोहचुंबक, पोटावर रंगवलेलं लाल पान. मला पहिल्यांदा खटकलं ते एक झाड. ते एका फोटोत होतं, आणि त्याला पानं परत आली होती.

पानं परत आली तर बिघडलं काय, असं तुम्ही म्हणाल. घरातही सगळे तेच म्हणाले. म्हणून आधी माझी हकिकत ऐका.

माझा जन्म ऑस्ट्रेलियातला. मेलबर्नपासून गाडीनं तीन तासांवर एक लहानसं गाव आहे. तिथं वादळात एक झाड पडलं. एका म्हाताऱ्यानं त्याच्या फांदीच्या चकत्या पाडल्या, घासल्या, रंगवल्या आणि नदीकाठच्या रविवारच्या बाजारात मांडल्या. एप्रिल महिना होता. इकडे तुमचा घाम निथळतो तेव्हा तिकडे पानगळ असते. झाडं आधी पिवळी होतात, मग लाल, मग एकेक पान सोडत उघडी पडतात. लोकांना त्याचं दुःख वाटत नाही. पानं पाहायला ते डबे बांधून निघतात.

भागुजींची थोरली मुलगी प्रतीक्षा त्या गावात वृद्धाश्रमात नर्स आहे. सुट्टीच्या रविवारी ती एकटीच बाजारात यायची. कागदी पेल्यातली कॉफी दोन्ही हातांनी धरून पानांच्या ढिगातून मुद्दाम पाय ओढत चालायची, करकर आवाज काढत. एक सफरचंद घ्यायची, ओढणीला पुसून तिथंच खायची. नदीजवळच्या बाकावर बसून पाठीला ऊन घ्यायची. त्या बाकामागेच ते झाड. गेल्या वर्षी तिनं मला उचललं, नाकाशी नेऊन हुंगलं आणि पुटपुटली, "मम्मीच्या फ्रिजला शोभंल."

डिसेंबरात तिच्याच बॅगेतून मी इथं आले. तेव्हापासून शेतीच्या लाइटीचं वेळापत्रक पाठीशी दाबून धरून उभी आहे.

या घरात माझं मन जडलं ते धाकट्या श्रेयावर. बी.एस्सी. झाली आहे, पण जीव चिमणीचा. गॅसचं बटण तीनदा बघते. कडी लावली तरी परत उठून ओढून पाहते. मागच्या उसात पान हललं की दार लोटून घेते. भागुजी म्हणतात, "हिला मांजर शिंकलं तरी बिबट्या दिसतो." मला मात्र तिचं पटतं. फ्रिजचं दार आपटलं की माझ्याही काळजात धस्स होतं.

दर रविवारी ताईचा व्हिडिओ कॉल यायचा. मम्मी फोन पोह्याच्या डब्याला टेकवून ठेवायची. सगळे ओट्याभोवती जमायचे आणि मला माझी नदी दिसायची.

पाच रविवारांपूर्वी कॉल आला नाही. फोटो आला. ताई त्याच बाकावर बसलेली, मागचं झाड निम्मं उघडं. खाली लिहिलेलं, 'काम लई आहे, फोन नंतर करते.' मम्मीनं मंचरच्या स्टुडिओतून त्याची प्रत काढून आणली आणि माझ्याखाली लावली.

दुसऱ्या रविवारी पुन्हा फोटोच. या खेपेला झाड लालभडक, गच्च भरलेलं.

तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. आमच्याकडचं झाड एकदा उघडं पडलं की सप्टेंबरपर्यंत उघडंच. मग ही पानं आली कुठून? माझ्याच पाठीखाली एक फोटो, त्यावर मम्मीनं मंचरहून आणलेला दुसरा, आणि दोघांचं आपसात पटत नव्हतं. सांगणार कसं? चकतीला तोंड असतं तर ना.

श्रेयानं फोटो निरखला. "मम्मे, झाडाला पानं वाढली का गं?"

"पालवी फुटली असंल," मम्मी कणीक मळता मळता म्हणाली. "आपल्या बांधावरचा करंज न्हाई का, फाल्गुनात झडतो नि आठ दिसांत तांबडालाल व्हतो."

"तिकडं तसं नसतंय."

"झाड ते झाड. तिकडचं काय वर मुळ्या करून उभं ऱ्हातंय?"

भागुजी हसले. त्या दिवशी श्रेयानं गॅसचं बटण पाचदा पाहिलं.

मग चौदा एप्रिल आला. दरवर्षी जयंतीला सकाळी सातला ताईचा फोन ठरलेला. परदेशी गेल्यावरही तिनं तो चुकवला नव्हता. मम्मीनं खीर केली होती. पांढरी साडी नेसून ती फोनजवळ बसून राहिली. नऊ वाजता 'जय भीम सगळ्यांना' असं लिहून आलं आणि बरोबर आणखी एक फोटो.

"ड्युटी असंल," भागुजी म्हणाले.

"ड्युटी मागच्या सालीबी व्हती," मम्मी म्हणाली. तिचा आवाज जरा वेगळा वाटला. मला तर आता सगळ्यांचाच संशय यायला लागला. मम्मीला काही ठाऊक आहे का? भागुजी मुद्दाम हसतात का? आणि तो फोन. तो तर मला पहिल्यापासून लबाड वाटतो. दिवसभर किणकिणतो, आणि हवं तेव्हा मुका.

मम्मीनं हाही फोटो मंचरला नेऊन आणला नि माझ्याखाली खोचला. त्यात झाड हिरवं होतं, टोकाला नुसती पिवळी झाक. आता तीन फोटो आणि वेळापत्रक, एवढं ओझं माझ्या पाठीच्या बोटभर चुंबकावर. चुंबकाला सोडणं माहीत नसतं. पण आज दुपारी श्रेयानं दार लावलं तेव्हा मी सुटले. घसरले की अंग सैल केलं, ते माझं मला सांगता येणार नाही.

फरशीवर आपटून माझ्या पानाचं टोक उडालं. फोटो चहूकडे पसरले. श्रेयानं दचकून मला उचललं, मग फोटो गोळा करून ओट्यावर शेजारी शेजारी मांडले. निम्मं उघडं झाड. लाल झाड. हिरवं झाड. तिनं एकदा डावीकडून पाहिलं, एकदा उजवीकडून. मग बोट ठेवून आणखी जवळून पाहिलं. तिन्हींत तोच स्वेटर, आणि ताईच्या गळ्यात वृद्धाश्रमाचं जुनं ओळखपत्र, जे डिसेंबरात बदललं म्हणून तिनं स्वतः सांगितलं होतं.

"मम्मे," ती म्हणाली, "हे गेल्या वर्षीचे फोटो आहेत. ताईनं पाच आठवडे आपल्याला जुने फोटो पाठवलेत."

मम्मीची पोळी तव्यावरच राहिली. या वेळी करंजाचं नाव निघालं नाही.

श्रेयानं फोन लावला. तिथं संध्याकाळचे साडेसात. पूर्ण वाजून बंद झाला. पुन्हा लावला. 'कामावर आहे गं,' असं लिहून आलं. "लिहायला वेळ आहे, बोलायला न्हाई?" असं म्हणत तिनं तिसऱ्यांदा लावला. पोळी करपल्याचा वास सुटला. मम्मीनं गॅस बंद केला आणि ती फ्रिजला टेकून उभी राहिली.

आत्ता मी ओट्यावर उताणी पडलेय. टोक गेलेलं, पोटाला फरशीची धूळ. मला परत चिकटवा किंवा नका चिकटवू, माझी एकच विनंती आहे. घरातलं भित्रं माणूस काही बोललं तर हसण्याआधी जरा ऐकून घ्या. त्याला दहा वेळा उगाच वाटतं, हे खरं. अकराव्या वेळी त्याच्याशिवाय कुणालाच काही दिसत नाही.

श्रेयानं चौथ्यांदा फोन लावलाय, स्पीकरवर रिंग जातेय. ती फोन खाली ठेवत नाही. पाचवी, सहावी घंटा. मग खट् आवाज. पलीकडे आधी नुसता श्वास.

"ताई?"

"हाय गं मी," ताईचा घोगरा, रडलेला आवाज आला. "पाय मोडलाय. आपरेशन झालंय. तुमचा आवाज ऐकला की रडू फुटतं, म्हणून उचलत नव्हते, जुनेच फोटो धाडत होते. मम्मीला एकदम सांगू नको."

मम्मीनं हात पुढे केला आणि फोन आपल्या कानाला लावला.