मोईजोद्दीन मास्तरांच्या डोळ्यांचा अर्ज

जिंतूरच्या नेत्रदान शिबिरात मोईजोद्दीन मास्तर शिरले ते मंडपाच्या मागच्या अंगानं. त्यांची जुनी विद्यार्थिनी साक्षी हिच्या डोळ्यात कापसाच्या पऱ्हाटीची काडी गेली होती. कोण्या अनोळखी मयताच्या डोळ्यामुळं तिला पुन्हा दिसायला लागलं. तेव्हापासून आपलेही डोळे द्यायचे, असं मास्तरांच्या मनात होतं. गुपचूप.

आयोजक नागनाथला गुपचूप काही जमत नसे. त्यानं माईक धरला. "आपले मुस्लिम बांधवही मोठ्या संख्येनं पुढं आलेत!" बांधव एकच होते. टाळ्या मात्र झाल्या, हारही पडला.

दुपार कलताना, असरच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर मास्तरांभोवती आठ-दहा जण थांबले होते.

"मौलाना, तुमीच सांगा. डोळे देणं जायज हाय का?"

"नाजायज," मौलाना म्हणाले. लोक समाधानानं घरी गेले, मास्तर तेवढे थांबले. मौलाना मात्र बराच वेळ चपला शोधत राहिले. त्या समोरच होत्या.

"मास्तर, धर्माचे जाणकार, काही आलिम जायज म्हणतात, काही न्हाई म्हणतात. एकट्यानं आला असता तर बसून बोललो असतो."

"आता एकटाच हाय की."

"आता सांगून झालं."

अर्जावर घरच्यांची सही लागत होती. मास्तरांची बायको खैरुन्निसा हिला माईकनं सगळं आधीच कळवलं होतं.

"अजी, साक्षीसाठी मी रोजे धरले होते. माझी ना न्हाई."

"मग कर सही."

"तुमी गेल्यावर डॉक्टरला सहा तासांत यावं लागतं म्हणे. त्याच वक्ताला घर भरलेलं असणार. आत बाया, बाहेर मर्द, मयताच्या आंघोळीचं, गुस्लचं पाणी तापायलाय. डॉक्टर मलाच विचारणार."

"हो म्हणायचं."

"मौलानाला तुमी जित्ते समोर उभे असताना म्हणता आलं न्हाई. मला म्हणता येईल?"

मास्तरांनी पेन पुढं केला. तिनं उर्दूत सावकाश सही केली.

सकाळी नागनाथ फोटोवाल्याला घेऊन आला. त्याला अर्जासह जोडप्याचा फोटो हवा होता. गल्लीतली माणसंही जमली. खैरुन्निसा बंद दाराआडूनच म्हणाली, "घरी न्हाईत ते."

मास्तर तिच्या शेजारीच बसले होते. डॉक्टर येईल तेव्हाही दार असंच बंद राहणार, हे त्यांना कळलं. उठून कडी काढणं मात्र त्यांनाही जमलं नाही.