चौथ्या मागाची भीड

बाबांच्या नजरेतून कापडातली चूक सुटत नाही, असं अख्खा कारखाना म्हणायचा. म्हणून मुलीने कापड तपासणारं कॅमेऱ्याचं यंत्र त्यांच्याच हाताखाली शिकवून तयार केलं. तीन महिने मागांवरून उतरलेल्या प्रत्येक तुकड्याचा ती फोटो काढायची, बाबा 'ठीक' किंवा 'फुली' म्हणायचे आणि ती कापडाकडे न बघता बटण दाबायची. बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!

उद्या मालकीणबाई चाचणी पाहणार होत्या. यंत्र पसंत पडलं तर मुलीची नोकरी पक्की. आणि आज ते चौथ्या मागाचं कापड डोळे झाकून पास करत होतं. तुटका धागा ढळढळीत दिसत होता, तरी दिवा हिरवा!

प्रत्येक मागाच्या किनारीला ओळखीसाठी एक रंगीत धागा असायचा. चौथ्याचा निळा. मुलीने कात्रीने निळी किनार कापून टाकली आणि तोच तुकडा पुन्हा कॅमेऱ्याखाली सरकवला.

लाल दिवा.

"बाबा, यंत्राला वाटतंय निळं म्हणजे निर्दोष. हे त्याला कोणी शिकवलं?"

बाबांनी चष्मा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

"चौथ्या मागावर तुझा सावकाशकाका. वर्षभर त्याला धड दिसत नाही गं. मी जेवणाच्या सुट्टीत रफू करून टाकायचो. मग कापड ठीकच की!"

"पण फोटो रफूच्या आधीचे होते!"

"ते माझ्या डोक्यातच आलं नाही."

मागून आवाज आला. बाबांचा तीस वर्षांपासूनचा दोस्त, सावकाशकाका, केव्हाचा येऊन उभा होता. "तरीच! मी म्हणतोय, म्हातारपणी माझा हात एवढा कसा सुधारला!"

"सुधारला, कप्पाळ! डॉक्टरकडे चल म्हटलं असतं तर अंगावर आला असतास."

"आलोच असतो," काका म्हणाला आणि त्याने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी मुलीने मालकीणबाईंना सगळं खरं सांगितलं आणि महिन्याची मुदत मागितली. "दिली," त्या म्हणाल्या. "पण आधी त्या काकांचे डोळे डॉक्टरांना दाखवून आणा."

मोतीबिंदू निघाला. ऑपरेशननंतर काका बाबांशेजारी बसून जुने फोटो पुन्हा तपासू लागला. पहिलीच निळी किनार आली आणि बाबा अडखळले.

"लाव की फुली, लेका," काकाने कोपराने ढोसलं. "यंत्राला तरी माझी भीड नको."